अकरा वाजताचा पडदा

रेडिओवाल्यांची मेहुणी आली ती रिकामं खोकं घेऊनच. ठरलंच होतं तसं. आजपर्यंत त्यांनी बनवलेला यंत्राचा किडा हलला नाही, तर खिडकीजवळच्या टेबलावरची सगळी हत्यारं तिच्या शाळेला द्यायची. हे त्यांनीच वैतागून म्हटलं होतं, आणि आता ते खोक्याकडे बघत नव्हते.

"चालला का हो भाऊजी, तुमचा जावई?"

"चालेल."

"ताईलाही हेच सांगायचात."

किडा काडेपेटीएवढा. पाठीवर सोलर पट्टी, पोटात कपॅसिटर, खाली तारेचे पाय. उन्हाची वीज साठत जायची, पुरेशी झाली की ट्रिगरने ती एका झटक्यात मोटरीला द्यायची, की किड्याने उडी मारायची. बायको होती तेव्हा तो अर्धवटच होता. नुसता बसून असतो म्हणून तिने त्याचं नाव जावई ठेवलं होतं. लेक नव्हतीच, म्हणाली, निदान जावई तरी.

ती गेल्यावर त्यांनी तो पुरा केला. ट्रिगर तीनदा नव्याने डाख देऊन बसवला. तरी रोज तेच. साडेदहाला खिडकीत ऊन यायचं, मीटरचा आकडा चढायचा, आणि ट्रिगर सुटायच्या जरा आधी घसरायचा.

"दोन पूर्णांक दोन व्होल्ट," ते म्हणाले. "दोन पूर्णांक चारला सुटायला हवा. बघ आता."

मेहुणी सोफ्यावर चहा घेत बघत होती. घड्याळात अकरा झाले. रेडिओवाले उठले, पडदा ओढला, परत येऊन बसले.

"बघ! उतरला. ट्रिगरच गळका आहे."

मेहुणीने कप खाली ठेवला. "भाऊजी, आत्ता काय केलंत?"

"काय केलं?"

"पडदा कोणी ओढला?"

"अकरा वाजले ना. सोफ्याचं कापड विटतं. तुझी ताई..."

"रोज ओढता?"

"रोज."

ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग थोडा वेळ नुसतेच पुसत राहिली. "जावयाला उपाशी ठेवायचं आणि बिचाऱ्या ट्रिगरच्या नावाने खडे फोडायचे!"

ते पडद्याजवळ गेले. सोफ्यावरची हिरवी फुलं नव्यासारखी होती. हात काही पुढे जाईना.

"विटेल गं."

"विटू दे. ताई ओरडलीच तर माझं नाव सांगा."

त्यांनी पडदा अर्धा सरकवला.

"अर्धाच?"

मग पुरा सरकवला. आकडा हळूहळू चढला. दोन पूर्णांक तीन. चार. टक् आवाज झाला, आणि किडा बोटभर उडून बशीला धडकला.

"एवढंच?" मेहुणी म्हणाली.

"जावई आहे. दमला." ते मेहुणीकडे वळले. "ऊठ आता."

"का? चहा संपायचाय माझा."

"ऊन येतंय सोफ्यावर."

त्यांनी कपाटातून जुनी चादर काढून सोफ्यावर नीट खोचली. उशा राहिल्या. त्या त्यांनी एकेक करून खोक्यात ठेवल्या, आणि खोकं सावलीत सरकवलं.