ओठांतल्या टाचण्या

सहा महिने मी खोकत होते. सून म्हणायची कापडाची धूळ, शेजारचा चष्मेवाला म्हणायचा वय, आणि मी म्हणायचे की तुमच्या बडबडीनेच मला ठसका लागतो. शेवटी सुनेने हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. त्याने छातीचा एक्स-रे काढायला लावला, तो उजेडासमोर धरला, आपला चष्मा पुसला आणि पुन्हा धरला.

"काकू, काम काय करता तुम्ही?"

"शिवणकाम. तेहतीस वर्षं झाली."

"आणि टाचण्या कुठे ठेवता?"

उत्तर समोरच होतं. उजव्या बाजूच्या बरगड्यांमागे एक टाचणी आडवी पडली होती, चपट्या डोक्यासकट. इतकी स्पष्ट, की बोटांनी उचलून घ्यावीशी वाटली.

टाचण्या मी ओठांत ठेवते. गिऱ्हाईक समोर उभं असतं, एक हात कापडावर, दुसरा त्याच्या खांद्यावर, मग टाचण्या काय डोक्यावर ठेवू? सुनेने टाचण्या खोचायची छोटी उशी तीनदा आणून दिली, तिच्यावर मी चष्मा ठेवते. ओठांत टाचण्या धरून मी हसते, भांडते, फोनसुद्धा घेते. 'हं' आणि 'हंहं' एवढ्यावर माझा अर्धा दिवस निघतो. डॉक्टर म्हणाला, कधीतरी हसताना श्वासाबरोबर आत गेली असेल. गुरुवारी नळी घालून काढू, पण तोवर आणि त्यानंतरही तोंडात टाचणी धरायची नाही.

घरी येईपर्यंत आपल्या छातीत एक टाचणी घेऊन आपण किती महिने जेवलो, झोपलो, जिने चढलो, हेच डोक्यात फिरत होतं.

पण घाबरले की मला थट्टा सुचते, हा माझा जुना रोग. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी तो एक्स-रे दुकानाच्या काचेला चिकटवला. दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. येईल त्या बाईला मी सांगायचे, "बघा, आता मला आतूनच टाचून ठेवलंय. सैल पडायची भीती नाही." बायका तोंडावर हात घेऊन आधी हादरायच्या, मग पोट धरून हसायच्या.

"आई, काढा हो तो," सून म्हणाली. "बरं दिसत नाही."

"राहू दे गं. फुकटची जाहिरात."

माझी नात, चार वर्षांची, कापायच्या टेबलाखाली कापडी अस्वल घेऊन बसलेली असते. तिला आम्ही बटण म्हणतो, कारण ती कुठेही सापडते आणि हवी तेव्हा सापडत नाही. तिने डोकं बाहेर काढलं.

"आजी, माझा फोटो कधी लावणार काचेला?"

"तुझ्या पोटात कुठे टाचणी आहे?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

बुधवारी दुपारी सून माझ्याकडे पाठ करून मशीनवर बसली होती. टेबलाखाली फार शांत होतं, म्हणून मी वाकून बघितलं. बटण गुडघ्यांवर बसून अस्वलाचं माप घेत होती. तिच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. टोकं आत, डोकी बाहेर, मान थोडी तिरकी. ती तर मीच होते, चार वर्षांची.

ओरडले तर ती दचकेल, दचकली तर श्वास आत घेईल. सुनेला हाक मारली तर ती किंचाळेल. आणि नेमका तेव्हाच मला खोकला आला. तो कसा दाबला, माझं मला माहीत. डोळ्यांतून पाणी आलं.

मी हळूच तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"शिंपीणबाई, माझी बाही फार सैल झालीय. जरा टाचून देता का?"

"हं," बटण म्हणाली. अगदी माझ्यासारखं.

पहिली टाचणी बाहीत गेली. दुसरी निम्मी बाहीत आणि निम्मी माझ्या दंडात गेली. मी खाली बघून कळ सोसली. मान वर केली तर तिचे ओठ रिकामे.

"तिसरी कुठाय?"

तिने तोंड घट्ट मिटलं.

"बटण, तोंड उघड. आत्ता!"

तिने आ केला. इवले दात, जीभ, बाकी काही नाही. तेव्हा तिने डाव्या हाताची मूठ उघडली.

"ही गिळायला ठेवलीय. मग माझा पण फोटो."

धपाटा घालायला उचललेला हात मी तिच्या पाठीवर ठेवला आणि तिला ओढून कुशीत घेतलं. मुठीतली टाचणी काढून घेतली, बाहीतल्या दोन उपटल्या. मग तिला एका हाताने घट्ट धरून उठले आणि काचेवरचा तो एक्स-रे टराटरा ओढून काढला. त्या आवाजाने सून वळली.

"आई? झालं काय? दंडाला रक्त कसलं?"

सगळं सांगून टाकायचं होतं मला. माझंच चुकलं, हेही सांगायचं होतं.

"हंहं," मी म्हणाले.

"बोला ना आई! घाबरवू नका मला."

"हं... हंहं."

मला वाटलं, भीतीने वाचाच बसली. सूनही पांढरीफटक पडली. बटण मात्र माझ्या कडेवरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिने आपला छोटा तळहात माझ्या हनुवटीखाली धरला.

"आजी," ती म्हणाली, "थुंक. तिन्ही."