काटा डावीकडे झुकला तेव्हा

मित्रांनो, तुमच्या मुठीत सहज मावेन एवढा मी एक जुना अ‍ॅमीटर. एका मोटारसायकलच्या पुढच्या दिव्यावर, हँडलच्या मधोमध, आकाशाकडे तोंड करून मी छत्तीस वर्षे बसलो आहे. माझ्या काचेखाली एकच काटा आहे. बॅटरीतील वीज खर्च होऊ लागली की तो डावीकडे झुकतो, बॅटरी भरू लागली की उजवीकडे. काहीच घडत नसेल तर मधोमध उभा राहतो. माझे बोलणे एवढेच.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात एका बाईने चिमट्याने हा काटा बसवला आणि त्यावर हळूच फुंकर घातली. काटा हलला. ती फुंकर हीच माझी पहिली आठवण.

पुढे मी हेस्टर प्रॉसर नावाच्या सुईणीकडे आलो. वेल्सच्या सीमेवरील डोंगरांत तिचे काम असे. धुके उतरले की कुंपणे विरघळत, मेंढ्या विरघळत, रस्ताही विरघळे. उरे तो दिव्याचा पिवळा गोळा आणि त्यामागे तरंगत चाललेलो आम्ही. हेस्टर माझ्याकडे एक नजर टाकी आणि निर्धास्त होई. कोणत्या तरी शेतघरात नवे रडणे उमटे आणि बाहेर आमचे इंजिन टक टक करत थंड होत राही.

मग तिला सरकारी मोटार मिळाली. आम्ही कोळशाच्या खोपटात घोंगडीखाली गेलो. अठरा वर्षे मी धुक्याचीच स्वप्ने पाहिली.

घोंगडी काढली ती तिच्या धाकट्या भावाने. ऑब्री चाळीस वर्षे कोळशाच्या खाणीत वीजतंत्री होता. पत्नी गेल्यावर तो बहिणीकडे राहायला आला. त्याचे हात थरथरू लागले होते आणि आपण आता कशाच्याही उपयोगाचे राहिलो नाही, ही भीती त्याला पोखरत होती. त्या हिवाळ्यात त्याने मोटारसायकलचा डायनॅमो उकलला आणि त्याची तार स्वतः नव्याने गुंडाळली. हेस्टरने नवी बॅटरी आणून बसवली. ऑब्रीने रीतीप्रमाणे बॅटरीची तार डायनॅमोला क्षणभर टेकवली. अशा स्पर्शातूनच डायनॅमो विजेची दिशा शिकतो. मग त्याने इंजिन चालू केले.

माझा काटा डावीकडे झुकला.

"संपलं," ऑब्री म्हणाला. "डायनॅमो वीज देतच नाही. मी चुकीचा गुंडाळला."

"हा काटाच खोटारडा असेल. नवा आणू."

"काट्याला कशाला नावं ठेवतेस?"

त्याने डायनॅमो पुन्हा उघडला. तारेचा एकेक फेरा भिंगातून तपासला. दोष सापडेना, आणि त्यानेच तो अधिक खचला. दोष आहे, मग तो दिसत नाही म्हणजे डोळेही गेले, असा हिशेब त्याने मांडला.

"भंगारवाल्याला शनिवारी बोलाव, नर्सबाई. माझी हत्यारं घेऊन जाईल."

"आणि तू दिवसभर करशील काय? माझं डोकं खाशील?"

"त्याची सवय आहे तुला."

हेस्टर हसली नाही. तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. तो तसाच निवला.

शुक्रवारी सकाळी ऑब्री मलाही भंगारात देण्यासाठी काढायला आला. पेचकस टेकवला आणि थांबला. चाळीस वर्षांची शिस्त होती ती: कोणतेही मापक काढण्यापूर्वी, ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा एक प्रश्न त्याला विचारायचा. इंजिन बंद ठेवून त्याने फक्त दिवा लावला. आता वीज खर्चच होणार. काटा डावीकडेच जायला हवा.

मी उजवीकडे झुकलो.

ऑब्रीने दिवा विझवला. मग त्याने बॅटरीवरचे झाकण उचलले.

"हेस्टर, ही बॅटरी कशी बसवलीस?"

"आपल्या मोटारीला आहे तशीच. ऋण टोक सांगाड्याला. का रे?"

"ही त्या मोटारीची आजी आहे. हिच्या काळी धन टोक सांगाड्याला लावत. मी तार टेकवली, आणि डायनॅमोही तेच उलटं शिकला. बिचारा वीज पुरवत होता, काटा तेवढा उलट दाखवत होता. इतकी पोरं आणलीस या खोऱ्यात, कधी उलटं आणलं होतंस?"

"पायाळू पुष्कळ होती," हेस्टर म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "तीन दिवस तू स्वतःला दोष देत होतास. माझ्यापायी."

"मीही पाहिलं नाही झाकण उचलून. तुझ्या हातांवर माझा विश्वास होता."

"आणि स्वतःच्या हातांवर नव्हता."

ऑब्रीने पाना उचलला. त्याने बॅटरीची टोके बदलली, तार पुन्हा क्षणभर टेकवली. इंजिन सुरू झाले. मी सावकाश उजवीकडे झुकलो आणि हलकेच थरथरत तिथे राहिलो. हेस्टर आत जाऊन भंगारवाल्याला फोनवर सांगताना ऐकू आली, "नाही, उद्या येऊ नका. हत्यारं कामात आहेत."

मित्रांनो, एखादे जुने यंत्र खोटे बोलते असे वाटले, तर ते फेकण्यापूर्वी त्याला ठाऊक उत्तराचा एक प्रश्न विचारा. आणि एखादा म्हातारा माणूस "माझे हात गेले" असे म्हणाला, तर मान डोलावण्याची घाई करू नका. आधी झाकण उचला आणि बॅटरी कोणी बसवली, ते पाहा.