नळीवरचे ओरखडे

"हात लावू नका," मिस्त्री म्हणाला. "आत्ताच स्पिरिटनं पुसलीय. बोटाचं तेल लागलं की तिथं रंग धरत नाही."

"बंदूक माझी, बोटही माझं," जावई म्हणाला आणि त्याने नळीवरून बोट फिरवलंच.

मिस्त्रीने मुकाट्याने पुन्हा कापूस भिजवला. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. पण बाकीचे नऊ निदान दुकानात येऊन स्टुलावर पाय पसरून बसत नाहीत. बंदुका दुरुस्त करण्यात मिस्त्रीची उभी हयात गेली होती. नळीवरचे बारीक ओरखडे घासून काढायचे, काळानिळा रंग चढवायचा, तेलाचा हात फिरवून बंदूक मालकाच्या ताब्यात द्यायची. ओरखडा कसा पडला हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, हा त्याचा शिरस्ता. विचारलं तरी लोक खोटंच सांगतात.

या दुनळीच्या तोंडाशी मात्र आडवेतिडवे ओरखडे होते आणि कापसाला पिवळा रंग लागत होता. तो रंग मिस्त्रीच्या चांगलाच ओळखीचा होता. लेकीच्या घरातलं आतल्या खोलीचं दार त्याने स्वतः रंगवलं होतं.

"हे कशानं झालं?" त्याने शिरस्ता मोडला.

जावयाने खोटं बोलायचीही तसदी घेतली नाही. "तुमची लेक कडी लावून बसली होती. फटीत नळी घालून दार उघडावं लागलं. दारही खराब झालंय, सासरेबुवा. सवड काढून तेवढं रंगवून जा."

मिस्त्रीच्या मुठीत कापूस पिळला गेला. जावयाचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. मागे एकदा लेक पिशवी भरून माहेरी आली होती. 'भांड्याला भांडं लागतंच' असली शहाणपणाची वाक्यं ऐकवून मिस्त्रीनेच तिला सासरी पोचवलं होतं. वाटेत ती एक शब्द बोलली नव्हती आणि ती समजूतदार आहे असं त्याला वाटलं होतं.

त्याने नळी आणि दस्ता उचलून लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"हे काय?" जावई उठला.

"बंदूक मिळणार नाही."

"लायसन माझ्या नावावर आहे. तक्रार केली तर दुकानाला टाळं लागेल. म्हातारपणी भीक मागाल."

"कर तक्रार," मिस्त्री अरेतुरेवर आला. "मीही येतो ठाण्यात. दार कसं उघडलंस ते तिथं सांग. आत्ता सांगितलंस तसंच."

जावई हसला. "तिला आणायचा विचार दिसतोय. नाही यायची ती. तुम्हीच हाकललीत ना तिला?"

जावई शिव्या हासडत ठाण्याच्या दिशेने गेला. मिस्त्रीने फोन लावला.

"बाबा, देऊन टाका त्यांची बंदूक," लेक म्हणाली. आवाज कुजबुजल्यासारखा होता. "छान रंगवून द्या. ओरखडा दिसला तर परत राग माझ्यावरच निघेल."

"मी येतोय. पिशवी भर."

ती म्हणाली, "मागच्या वेळी भरली होती, बाबा."

फोन बंद झाला. मिस्त्रीने शटर ओढलं. आधी लेक, मग ठाणं, दुकानाचं व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हणत तो भराभर चालत सुटला. या वयात त्याला धाप लागत होती, तरी कुठे थांबला नाही.

लेकीच्या घराचं बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीला आतून कडी होती. ठोकायला उचललेला हात त्याने खाली घेतला.

"मी आहे गं."

"कोण आहे बरोबर?"

"कुणी नाही. एकटाच आलोय. बंदूक माझ्याकडे आहे, ती मी देत नाही. आणि तुलाही परत पोचवणार नाही. चुकलं माझं."

एवढ्या एका वाक्यावर तिने का विश्वास ठेवावा, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो दाराशी जमिनीवर बसला. आत कपाट उघडल्याचा आवाज झाला, मग पावलं दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

'उघड' असं तो म्हणाला नाही. कडी काढायची की नाही, हे या वेळी तिने ठरवायचं होतं.