अप्पांच्या शेजारची जागा

माकणीच्या बाजूला रणधीरच्या प्लॉटिंगवर कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं, तेव्हापासूनची ही गोष्ट. धरणाच्या पाण्याकडेला त्यानं जमीन घेतली होती, मुरूम टाकून रस्ते पाडले होते, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट आखले होते. पुढं कमान उभी केली होती, तिच्यावर 'तेरणा किनारा' असं सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. सगळं होतं, गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. आणि ते आणायचं काम पडलं होतं सोनालीच्या गळ्यात.

सोनाली मूळची कळंबची. मराठीत एम.ए. केलं, कॉलेजात तासावर शिकवलं, तास बंद झाले तशी धाराशिवला रणधीरच्या ऑफिसात लागली. काम काय, तर वेबसाईटवर ब्लॉग लिहायचा. पोरीनं जीव ओतून लिहिला. एन.ए. म्हणजे काय, सातबारा कसा वाचावा, प्लॉट घेताना रस्त्याची रुंदी का बघावी. सगळं खरं, सगळं उपयोगाचं, आणि वाचणारं माणूस कोण, तर तिची आई.

"ताई," एक दिवस रणधीर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. वयानं तो तिच्यापेक्षा मोठा, पण ताई म्हटलं की समोरच्या बाईकडून काहीही करून घेता येतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "हे सातबारा-बितबारा कोण वाचतंय ओ? पुण्यातला माणूस जेवून हात धुतो, मोबाईल घेतो, तेव्हा त्याला गोष्ट लागते. रडवा त्याला. तो रडला, की खाली आपला नंबर दिसला पाहिजे. आणि कॉमेंट आली की लगेच उत्तर. गिऱ्हाईक गरम असतंय तोवरच खरं."

"पण गोष्ट कसली लिहू?"

"तिकडं जावा, हिंडा, सापडंल की. ब्लॉग चालला तर कॉर्नरचा प्लॉट तुमचा. रणधीरचा शब्द आहे."

भाड्याच्या खोलीत आईला घेऊन राहणारी पोर ती. मालकीण नळाला कुलूप लावायची, पाहुणे आले तर तोंड वाकडं करायची. तिला कॉर्नरचा प्लॉट म्हटल्यावर काय होईल, सांगा बरं! घरी जाताजाता तिनं मनातल्या मनात तुळशीची जागासुद्धा ठरवून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं माकणीला गेली. ऊन मी म्हणत होतं. कमानीला लागूनच, प्लॉट आणि डांबरी रस्ता यांच्या मधे, शेताची एक चिंचोळी पट्टी होती. तिच्यात पत्र्याचं खोपट, एक कडुलिंब आणि लिंबाखाली दगडी ओटा. ओट्यावर छोटा नंदी, भस्माचे पट्टे, बेलाची ताजी पानं. सोनालीचे हात आपसूक जोडले गेले.

इथंच सगळं फसलं. तिच्या घरात माणूस गेला की जाळतात, राख पाण्यात सोडतात. समाधी बांधायची ती साधूसंताची, एवढंच तिला माहीत. लिंगायतांच्या घरात साधं माणूससुद्धा पुरतात, बसवून पुरतात, गळ्यातल्या लिंगासकट, आणि शेत असलं तर शेतातच, हे तिच्या गावीही नव्हतं. बरं, विचारायचं तरी शहाण्या माणसाला! तिनं विचारलं रस्त्यानं शेळ्या हाकत चाललेल्या एकाला.

"हे कुणाचं ओ, दादा?"

"अप्पाचं. चन्नबसप्पा अप्पा."

"कसे होते अप्पा?"

"कसे म्हंजी? बोलत न्हवते कुनाशी. लई वर्सं. गावात आले तरी तोंड म्हनून उघडलं न्हाय." एवढं सांगून तो शेळ्यांमागं निघून गेला.

झालं! सोनालीच्या अंगावर काटा उभा राहिला. परतीच्या एसटीत, खिडकीशी बसून, तिनं मोबाईलवरच लिहून काढलं. तेरणेच्या काठचे मौनी अप्पा. वर्षानुवर्षं त्यांनी शब्द उच्चारला नाही. आजही ते लिंबाखाली बसून पाण्याकडं बघतात, आणि तिथं उभं राहिलं की आपल्या मनातला गोंगाट थांबतो. शेवटच्या ओळीत, तिथून हाकेच्या अंतरावर आमचे प्लॉट आहेत. खाली नंबर.

लेख असा पळाला की काही विचारू नका. पुण्यातल्यांनी लातूरला पाठवला, लातूरच्यांनी सोलापूरला, सोलापूरच्यांनी अख्ख्या भावकीला. रविवारी कमानीपुढं गाड्या लागायला लागल्या. सोलापूरच्या एका बाईनं नारळ फोडला, तिच्या पोरीचं लग्न जमलं, तिनं ते कॉमेंटमध्ये लिहिलं. मग काय! पाया पडून उठलेला माणूस शेजारचे प्लॉट बघूनच परत जायला लागला. रणधीरनं ऑफिसात पेढे वाटले आणि सोनालीला दोन जास्तीचे दिले.

दुसऱ्या लेखासाठी फोटो काढायला ती परत गेली, तर एक म्हातारी ओट्याभोवतीच्या नारळाच्या शेंड्या आणि पाण्याच्या बाटल्या वेचत होती. कपाळाला भस्म, अंगावर विटकं इरकल. सोनालीला वाटलं, चला, फोटोला सेवेकरीण मिळाली.

"अक्का, तुम्ही अप्पांची सेवा करता का?"

"सेवा कसली, माय? नवरा हाय माजा." म्हातारीनं कंबर सरळ केली. "शांताक्का म्हंत्यात मला."

सोनालीच्या हातातला मोबाईल खाली आला. "पण अप्पा मौन पाळायचे ना?"

"अय्यो, मौन कसलं!" शांताक्का हसली. "बांधावरनं भावाशी भांडान झालं. गाव भावाच्या अंगानं बोललं. तवापास्नं गावाशी अबोला धरला तो धरला. लई तिरसट मानूस. माज्यासंगं मातुर बोलायचे. दिसभर बोलायचे. म्याच म्हनायची, आता गप बसा की, कान किटले माजे." तिनं वाकून ओट्याला लागूनची जमीन हातानं साफ केली. तिथं चार बाजूंना चार दगड रोवलेले होते. "ही जागा माजी. त्येंनीच आखून ठिवलीय. म्हनले, शांते, घाई करू नगं, पर दुसरीकडं जाऊ नगं."

सोनालीनं त्या दगडांजवळचा पाय मागं घेतला.

"त्येंला मानसं आवडत न्हवती, माय. पावनं आलं तरी मळ्यात जाऊन बसायचे. आन आता बघ. कोन येतंय, डोस्कं टेकतंय, पोरगं मागतंय, फोटू काडतंय. रातच्याला मला वाटतं, ते माज्यावर चिडल्यात. कुनी मोबाईलात लिवलं म्हनं. त्येला म्हनावं, खोडून लिव. साधा मानूस हुता म्हनून लिव."

"मीच लिहिलंय, अक्का."

म्हातारी शिव्या घालंल म्हणून सोनालीनं मान खाली घातली. पण शांताक्कानं खोपटातनं तांब्याभर पाणी आणून तिच्या हातात दिलं. "मग सोपं हाय की. तूच लिव. माजी ही जागा तेवढी ऱ्हाऊ दे." आणि हात पुढं केला. सोनालीनं तो हात हातात घेऊन शब्द दिला. त्या घडीला तो अगदी मनापासून दिला होता, हे मान्य करायलाच पाहिजे.

ऑफिसात येऊन तिनं लिहिलंही. चन्नबसप्पा अप्पा साधे शेतकरी होते, चूक माझी झाली, ती समाधी एका घराची खाजगी जागा आहे, कृपया तिथं गर्दी करू नका. चांगलं लिहिलं होतं. रणधीरनं तिच्या खांद्यावरनं वाचलं.

"साधा माणूस होता? ताई, साध्या माणसाच्या शेजारी प्लॉट कोण घेतंय?"

"पण ते खोटं आहे, सर. ती बाई तिथंच..."

"लोकांना समाधान मिळतंय ना? पोरींची लग्नं जमायलीत. तुम्ही कशाला कुणाचा देव काढून घेता? महाशिवरात्र होऊ द्या, मग टाकू. आणि तो कॉर्नरचा प्लॉट मी अजून कुणाला दाखवला नाही, बरं का."

आता या पोरीला काय म्हणावं? एक बटण दाबायचं होतं, बोट काही मोडलं नव्हतं तिचं! पण तिनं तो लेख कॉम्प्युटरात ठेवून दिला, आणि रणधीरनं सांगितलेला नवा लिहायला घेतला. अप्पांच्या लिंबाचा पाला आणि साखरेचा आजार.

महाशिवरात्रीला एवढी गर्दी झाली की रस्त्यावर पोलीस उभे करावे लागले. मग रणधीरची नजर त्या पट्टीवर गेली. गेली म्हणजे काय, आधीपासूनच होती. पट्टी मिळाली तर प्लॉटिंग थेट डांबरी रस्त्याला लागत होतं. सातबारा काढला, तर नाव एकट्या विरेशचं, अप्पांच्या पोराचं. अप्पा गेल्यावर शांताक्कानं आपला हक्क पोराला लिहून दिला होता. पोटच्या पोराशी कसला हिस्सा, म्हणून.

विरेश पुण्यात कंपनीत होता. बापानं त्याला एकदा बैल उपाशी ठेवला म्हणून गावासमोर काठीनं मारलं होतं, तेव्हापासून त्यानं गाव टाकलं होतं. त्यानंही तो ब्लॉग वाचला होता. आणि मेहेरबान, तो रडला होता! आपला बाप एवढा मोठा, आणि आपल्याला कळलंच नाही, म्हणून ढसाढसा रडला होता. रणधीरला एवढं कळलं, तसं त्यानं त्याला गाडी पाठवून आणलं, पांढरा झब्बा शिवला, गळ्यात रुद्राक्षाची माळ घातली, अप्पांच्या नावानं काढलेल्या ट्रस्टचा अध्यक्ष केलं. सचिव रणधीर. विरेशनं पट्टी ट्रस्टला बक्षीस दिली. सोनालीला मथळा सुचवायची गरजसुद्धा पडली नाही. 'बापाच्या पायाशी पोराचं सर्वस्व.'

खोपट पडलं. ओट्याला संगमरवर चढला, भोवती स्टीलचं रेलिंग आलं. शांताक्काला गावात एका खोलीत नेऊन ठेवलं, बांधकाम झालं की आणतो म्हणून. ते चार दगड मजुरांनी उपटून भरावात टाकले आणि त्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवले. वर लोखंडी चौकट उभी केली, तिला लाल बदाम, आणि बदामात 'आय लव्ह तेरणा किनारा'. लोक अप्पांच्या पाया पडायचे, दोन पावलं सरकायचे आणि बदामात उभं राहून फोटो काढायचे.

सोनाली उन्हाळ्यात फोटो काढायला गेली तेव्हा तिला शांताक्का दिसली. रांगेत. हातात बेलाची दोन पानं. रेलिंगपाशी पोचली की ती वाकून संगमरवराशी काहीबाही बोलायची, बोरिंगला पाणी आलं का, गावात कुणाची म्हैस व्याली. मागची माणसं ओरडायची, "ओ आजी, पुढं चला की, लांबून आलोय आम्ही!" रखवालदार दंडाला धरून तिला बाहेर काढायचा. मग ती वळसा घालून परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची.

सोनालीनं तोंड फिरवलं, पण म्हातारीनं ओळखलं.

"लिवलंस का, माय?"

"लिहिते, अक्का. लवकरच लिहिते."

"लिव. म्या थांबलीय तोवर." रागानं नाही, शेजारणीला विरजण मागावं तशी म्हणाली. सोनाली त्या दिवशी एसटीत बसून तालुक्याच्या गावापर्यंत रडली, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर ऑफिसला आली.

श्रावणातल्या एका सोमवारच्या आदल्या दिवशी शांताक्का गेली. थांबून थांबून किती थांबणार? ट्रस्टची बैठक त्याच ऑफिसात भरली. विरेश कोपऱ्यात रुमाल तोंडाला लावून बसला होता.

"अव्वाला अप्पांच्या बाजूला..." त्यानं आईचा विषय काढला.

"अध्यक्ष, उद्या सोमवार," रणधीर त्याच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाला. "हजारो माणसं येणार. त्यांच्यासमोर ब्लॉक उखडून खड्डा काढायचा का? आणि एका ठिकाणी दोन समाध्या झाल्या की भाविकांची श्रद्धा वाटली जाते. अप्पा एकटेच पाहिजेत. मौनी माणसाला बायको कशी दाखवणार आपण?"

विरेशनं मान डोलावली. सोनाली चहाचे कप देत होती. तिनं पुढचा कप रणधीरपुढं ठेवला.

शांताक्काला गावाबाहेरच्या स्मशानभूमीत, बाभळीखाली पुरलं. मोकळी जागा होती ती नेमकी अप्पाच्या भावाच्या समाधीशेजारी, ज्याच्याशी बांधावरनं उभा जन्म वैर होतं. गावातली चार माणसं आली होती. बाकीचं गाव सोमवारच्या तयारीला गेलं होतं.

मंगळवारी दुपारी रणधीर सोनालीच्या टेबलापाशी आला. "ताई, अक्कावर लिहा. असं लिहा की दगडाला पाझर फुटला पाहिजे." जाताजाता वळून म्हणाला, "आणि हां, तो कॉर्नर गेला, पुण्याची पार्टी होती. तुम्हाला नाल्याकडचा बघू."

तिनं लिहिलं. अबोल पतीची आयुष्यभर सावली झालेली बाई, वाकून शेंड्या वेचणारे हात, तांब्याभर पाणी. त्यातलं जवळजवळ सगळं खरं होतं, आणि त्यामुळंच ते आजवरच्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त वाचलं गेलं. कॉमेंटवर कॉमेंट पडायला लागल्या. त्यातली एक सोलापूरच्या त्याच बाईची होती, जिच्या पोरीचं लग्न जमलं होतं.

'वाचून रडू आवरेना. अक्कांना अप्पांच्या शेजारीच ठेवलंय ना? तेवढं सांगा, म्हणजे जीव शांत होईल. येत्या सोमवारी दोघांचं दर्शन घेऊ. ह्यांना तुमचे प्लॉटही बघायचेत.'

सोनाली कॉम्प्युटरपुढं बसून राहिली. तो जुना लेख अजून तिथंच होता, साधा माणूस होता म्हणून लिहिलेला. बटणही तिथंच होतं. मागून रणधीरचा आवाज आला, "ताई, उत्तर द्या की. गरम आहे गिऱ्हाईक."

तिनं डोळे पुसले आणि टाईप केलं.

'हो ताई. अप्पांच्या शेजारीच. अवश्य या.'

आणि सवयीनं खाली ऑफिसचा नंबर टाकला.