एकशेवीस-ऐंशी

सोफेवाल्याच्या घरात मिठावर बंदी होती आणि तिची अंमलबजावणी बायकोकडे होती, म्हणजे पळवाट नव्हती. डॉक्टर नुसतं "जरा कमी करा" म्हणाले होते. पण डॉक्टर कधीमधी भेटतात, बायको रोज. तिनं मिठाची बरणी कपाटात कुलूप लावून ठेवली, दागिन्यांशेजारी. दागिने बेताचेच असल्यामुळे बरणीला ऐसपैस जागा मिळाली.

मिठाखालोखाल सत्ता बीपीच्या मशीनची. सकाळी चहाआधी दंडाला पट्टा बांधायचा, तो फुगेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं आणि मग निकाल ऐकायचा. निकाल ठरलेला: एकशेसत्तरच्या आसपास. बायको मग नवऱ्याकडे असं बघायची, की तो आकडा त्यानं कुठून तरी चोरून आणलाय.

"खरं सांगा, काल दुकानात काय खाल्लंत?"

"खिळे," सोफेवाला म्हणायचा. कापड ठोकताना बारीक खिळे तोंडात धरायची त्याच्या धंद्याची रीतच होती. "बरे लागतात गं. तुझ्या भाजीपेक्षा चव असते."

एके दिवशी दुपारी घराखालच्या दुकानात माळ्यावरून फोमची गुंडाळी काढताना त्याच्या पायाखालचं स्टूल कलंडलं. तो पडला तो थेट अर्धवट सोफ्यावर, आणि सोफ्याचा उघडा लाकडी हात डाव्या बरगडीखाली बसला. तासाभरानं त्याच हातावर त्यानं फोम चढवला असता.

थोडा वेळ तो खालीच बसून राहिला. मग जिना चढून घरी आला आणि कॉटवर आडवा झाला.

"काही नाही गं, सोफ्यानं कोपर मारलं. इतकी वर्षं मी त्याला ठोकतोय, एकदा त्यानं मला."

बरगडीखाली नुसतं खरचटलं होतं. लेक म्हणाली, "दवाखान्यात जाऊ या." बायको म्हणाली, "आधी बीपी बघू." त्या घरात ताप, शिंक, उचकी, सगळ्याला पहिली तपासणी तीच.

पट्टा फुगला, सुटला. एकशेवीस-ऐंशी.

बायकोनं चष्मा पुसला. परत मोजलं. परत तेच. इतक्या वर्षांत या मशीननं या घरात हा आकडा कधी उच्चारला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनं भावाला बोलावून घेतलं. हा भाऊ, म्हणजे सोफेवाल्याचा मेहुणा, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचा, आणि तेवढ्यावर नात्यागोत्यात अर्धा डॉक्टर समजला जायचा.

"पुस्तकातलं बीपी आहे, ताई. नाडीसुद्धा एकदम शांत. भाऊजी, तुम्ही आठवड्यातून एकदा पडत जा."

सगळे हसले. सोफेवालाही हसला, पण अर्ध्यावर थांबला.

आत डाव्या बाजूला प्लीहा फाटली होती आणि रक्त पोटात साचत होतं. अशा वेळी शरीर आरडाओरडा करत नाही. ते दिवाळं निघालेल्या पण अब्रूदार माणसासारखं वागतं. आधी हातापायांची रसद तोडतं, मग कातडीची, मग आतड्यांची, मूत्रपिंडांची. हृदय आणि मेंदूला मात्र शेवटपर्यंत पोसतं, आणि दर्शनी खोलीत दिवा चालू ठेवतं. तो दिवा म्हणजे एकशेवीस-ऐंशी. दुसऱ्या कुणाला तो आकडा शोभला असता. एकशेसत्तरची सवय असलेल्याला ती उपासमार होती. नाडीनं तरी धावत सुटून बोंब ठोकायला हवी होती, पण रोज सकाळी घेतलेल्या बीपीच्या गोळीनं तिचे पाय बांधून ठेवले होते. गोळी बायकोनं स्वतः, न चुकता, समोर उभं राहून गिळायला लावली होती.

मशीन खोटं बोललं नाही. विचारलं तेवढंच सांगितलं.

"आई, बाबांचे हात बर्फ झालेत."

"दुकानात पंखा फुल ठेवतात, दुसरं काय होणार?" बायकोनं चादरीवर ब्लँकेट घातलं. ब्लँकेटखाली त्याला घाम फुटला. तो पाणी मागत होता. दिलं की संपवत होता, आणि परत मागत होता.

"पाणी प्यायला लागले बघ," बायको भावाला म्हणाली. "एरवी कानीकपाळी ओरडावं लागतं."

"डावा खांदा दुखतोय," सोफेवाला म्हणाला.

"हातोडीचा खांदा, दुसरं काय," मेहुण्यानं निदान केलं.

"मामा, बाबा उजव्या हातानं ठोकतात."

"म्हणून तर डावा दुखतोय. त्याला सवय कुठेय?"

दुखणं पोटात साचलेल्या रक्ताचं होतं; बाम खांद्याला चोळला गेला.

मग बायकोनं कपाट उघडलं. किल्ली फिरल्याचा आवाज एरवी सोफेवाल्याला खालच्या दुकानात ऐकू जायचा. तिनं अंडं उकडलं, सोललं, मधोमध कापलं आणि दोन्ही फाकांवर चिमटीनं मीठ घातलं. हात सैल सोडून, अगदी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात घालायची तसं.

"उठा. आजच्या दिवस माफ."

त्यानं बशीकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते.

"नको."

"अहो, मीठ घातलंय!"

"कळलं गं. नको."

"नखरे बघ. दिलं तर नको, नाही दिलं तर खिळे."

लेक मात्र उभी राहिली. "आई, बाबा मिठाला नको म्हणाले," एवढंच बोलली आणि गाडी बघायला जिना उतरून पळाली.

गाडी आली. मेहुण्यानं सोफेवाल्याला धरून उभं केलं, आणि शरीरानं इतका वेळ रेटलेला संसार तिथेच मोडला. तो गुडघ्यात दुमडला आणि मेहुण्याच्या हातातून खाली घसरला. बायकोनं घाईघाईनं पट्टा बांधला. मशीन फुगलं, थांबलं, परत फुगलं. आकडा येईना. तिनं खणातून नवे सेल काढून घातले. तरी येईना.

"ताई, राहू दे ते मशीन," मेहुणा म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलं बरोबर वाक्य.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "यांचं नेहमीचं बीपी किती?"

"आज एकशेवीस-ऐंशी होतं. मी दोनदा बघितलं."

"नेहमीचं विचारतेय."

"एकशेसत्तर."

डॉक्टरीणबाईंनी लगेच रक्त मागवलं. दोन्ही हातांत सुया टोचल्या गेल्या आणि वर बाटल्या लटकल्या.

"हे काय लावलंय?" बायकोनं विचारलं.

"सलाईन. मीठपाणी. रक्त येईपर्यंत."

बायको बाटलीकडे बघत राहिली. दुसरी लागली, तशी ती नर्सच्या जवळ सरकून हळूच म्हणाली, "मिठाचं चालेल ना त्यांना? डॉक्टरांनी कमी सांगितलंय."

"चालेल," नर्स म्हणाली, आणि नजर बाटलीवरच ठेवली.

रक्त आलं. लगबगीनं आलं. ज्याच्यासाठी आलं तो तोवर थांबला नाही.

घरी परतल्यावर बायको कॉटवर त्याच्याच जागी बसली. मेहुण्याला काही सुचेना, तेव्हा त्यानं तिच्या दंडाला पट्टा बांधला. घरातली पहिली तपासणी तीच. पट्टा फुगला. सगळे सवयीनं गप्प बसले.

"एकशेसत्तर," तो म्हणाला.

तिनं मान वर केली. "हे चांगलं का वाईट?"

अर्ध्या डॉक्टरनं पट्टा सोडून गुंडाळून ठेवला. टेबलावर बशीतलं अंडं तसंच होतं. मिठाला पाणी सुटलं होतं. लेकीनं बशी उचलली, मोरीपर्यंत नेली, आणि तिथेच धरून उभी राहिली.