एकाच जागी दोन मजले

मी एक जुनी इमारत आहे, मित्रांनो, आणि माझं वजन मुंगीएवढंही नाही. हसू नका. मी कॉम्प्युटरमधली इमारत आहे. एकदा भर दुपारी वीज गेली, तेव्हा मी जिन्या-दारांसकट गडप झाले आणि वीज आल्यावर पुन्हा उभी राहिले. एका विटेला तडा गेला नाही. असं करून दाखवणारी दगडविटांची इमारत मला अजून भेटायची आहे.

माझा जन्म एका दवाखान्यासाठी झाला. खरा दवाखाना बांधण्याआधी तो माझ्यात बांधायचा होता. कागदावरच्या नकाशात भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा. माझ्या भिंतीला मात्र ठाऊक असतं, आपण किती उंच, आपल्याला विटा किती, गिलावा किती. खर्चाचा अंदाज काढणाऱ्या ताई मला नुसतं विचारायच्या, आणि त्यांचा चहा निवायच्या आत मी सगळं सामान मोजून पुढ्यात ठेवायची. माझं कौतुक इतकं झालं की प्रिंटरने माझ्याशी बोलणं टाकलं.

माझ्या वरच्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड होता. जुन्या दवाखान्यात बायका पॅसेजमध्ये पडद्याआड बाळंत होत. तिथल्या सिस्टर म्हणजे ताईंच्या थोरल्या जाऊबाई. या वॉर्डासाठी त्यांनी कितीतरी वर्षं साऱ्यांचं डोकं खाल्लं होतं.

पण माझ्या मोजणीवरून ताईंनी काढलेला अंदाज मंजूर रकमेच्या बराच बाहेर गेला. बैठकीत ठरलं, वरचा मजला वगळा. जाऊबाई ऑफिसात येऊन ताईंच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. घरी माझ्या बोलण्यातल्या चुका काढतेस, आज माझा वॉर्ड काढ, एवढंच म्हणाल्या.

ताईंनी वरच्या मजल्याची एक भिंत निवडली आणि पुसली. भिंत जागच्या जागी.

"जाऊबाई, ही जातच नाहीये."

"मग राहू दे की. मी कुठे म्हटलं, जा म्हणून?"

शेजारची भिंत ताईंनी पुसली नाही, धरून बाजूला ओढली. तिच्या जागी तश्शीच दुसरी भिंत उभी.

मला घडवणारे उस्ताद धावत आले. वरचा मजला त्यांनी वेगळा तयार करून माझ्यावर चिकटवला होता. तेवढ्यात फोन आला होता, आणि फोन ठेवल्यावर विसरून त्यांनी तोच मजला पुन्हा चिकटवला होता. दोन मजले एकमेकांत असे बसले की डोळ्यांना एकच दिसे. एकाच जागी दोन सारख्या वस्तू आहेत, अशी सूचना मी दिली होती. उस्तादांनी ती माशी हाकलावी तशी घालवली. मी पडले इमानी, होतं तेवढं सगळं मोजलं.

"सासऱ्यांचा फोन होता हो," उस्ताद पुटपुटले.

"जुळ्यांचं मला विचारायचंत," जाऊबाई म्हणाल्या. "एक आलं की दुसरं आहे का, ते हात लावून बघायचं असतं."

जादा मजला काढला, अंदाज रकमेत बसला आणि वॉर्ड बांधून झाला. लोक म्हणतात, चूक ताईंनी पकडली. खरं सांगू? मीच पाय रोवून उभी होते.

आता मी ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरात पडून असते. दवाखान्यात कुणी एक खिडकी बुजवली म्हणतात, मला कळवलं नाही. माझ्यात ती अजून उघडीच आहे. मित्रांनो, माझ्यासारखीकडून काम घ्याल तेव्हा माझी सूचना वाचा, मोजण्याआधी मला नीट तपासा, आणि घर उभं राहिल्यावर त्यात बदल कराल ते मलाही सांगत जा. वॉर्डात हल्ली दोन खाटांच्या मधे तिसरी घालावी लागते, असं ताईंच्या बोलण्यात आलं. म्हणजे लवकरच कुणीतरी मला उघडणार. या खुशाल. नवी खोली कुठे बसेल, ते मी हेरून ठेवलं आहे.