मंगळवार, दोन वाजता

मे महिन्यातल्या मंगळवारी, दुपारी पावणेदोनला, नागपूरच्या नंदनवन वस्तीतली अख्खी गल्ली मैदानात उन्हात उभी होती, आणि ती उभी होती प्रेमलताबाईंच्या नवऱ्यामुळे.

बाबाराव भूकंपाचे मोठे शास्त्रज्ञ. रविवारी सत्कारात चॅनलवालीनं विचारलं, "सर, नागपुरात भूकंप कधी?" तोंडात बुंदीचा लाडू. चाळीस वर्षं ज्याला त्याला ऐकवत आले तोच विनोद हसत केला, "मंगळवारी, दोन वाजता. जेवण करून घ्या." संध्याकाळच्या बातमीत हसणंही कापलं आणि जेवणही, उरला तेवढा मंगळवार. त्यांनी चॅनलला फोन करून खुलासा केला, तर टीव्हीवर खाली पट्टी फिरू लागली, 'शास्त्रज्ञांवर दबाव कोणाचा?'

प्रेमलताबाई छत्री घेऊन धावल्या. मैदानाच्या मधोमध त्यांची स्वयंपाकीण कांताबाई बसलेली, शेजारी तिची बाळंतीण लेक काजल, आणि काजलच्या मांडीवर दहा दिवसांची पोर. लालबुंद झालेली. रडायचीही थांबलेली.

"अवं कांता, निंबाखाली तरी बस!"

"झाड पडते ना बाई. साहेबानंच तर शिकवलं, भिंत, झाड, खांब, सगळ्याईपासून दूर."

खरंच होतं. जानेवारीत गल्लीला गोळा करून बाबारावांनी तासभर हेच घोकून घेतलं होतं. किती कौतुक वाटलं होतं तेव्हा बाईंना!

मागून धापा टाकत बाबाराव आले. "कांताबाई, मी गंमत केली होती वं. घरात चाला. पोरीले ऊन लागून राहिलं."

"मंग सांगा, येनारच नाही म्हनून. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

बाबारावांनी हात पुढे केला. हात तिथंच अधांतरी राहिला. "आजच येईल असं... म्हणजे, शास्त्राप्रमाणं कोणालेच..."

"अहो, म्हणा ना नाही!" बाई ओरडल्या. संसारात पहिल्यांदाच त्या नवऱ्याकडे खोटं मागत होत्या.

"नाही येणार," ते म्हणाले. पण उशीर झाला होता. कांताबाईनं त्यांचा चेहरा वाचला होता.

"बरं, मी जाऊन बसतो तुह्या घरात. मंग तर येशील?"

आणि खरंच गेले. टिनाच्या छपराखाली, दार सताड उघडं ठेवून, कूलरसमोर एकटेच बसले. बाहेरून चार मोबाइल त्यांच्यावर रोखलेले. कुणीतरी म्हणालं, "जीव द्याले बसला म्हातारा."

"आता तरी चल वं," बाईंनी काकुळतीनं म्हटलं.

कांताबाईनं दाराकडं पाहिलं, मग नातीकडं. "बाई, साहेबाचं सत्तर वर्षं जगून झालं. हिचे दहाच दिस झाले."

छत्री काजल आणि पोर दोघींना पुरत नव्हती. प्रेमलताबाईंनी ती पोरीवर धरली, बाटलीतलं पाणी पदरावर ओतलं आणि तो ओला पदर काजलच्या डोक्यावर टाकला. दोन वाजायला अजून सात मिनिटं होती. वाजले तरी कांताबाई उठेल याची खात्री नव्हती. कुणाच्या तरी मोबाइलवर, बातम्यांत आता 'तीनपर्यंत धोका' सुरू झालं होतं.